सगुण मुकादमाचा घोडा आणि साडेचार फुटांची मोरी

पणजीहून बेळगावला आता दीड तासात पोचता येतं, असं सगुण गावसासमोर कुणी म्हणू नये. म्हणणारा पाहुणा असला तर सगुण त्याला आधी खुर्ची देतो, पाण्याचा तांब्या देतो आणि मग विचारतो, "बेळगावात तुमचा कोण आसा?"

पाहुणा गडबडतो. बेळगावात त्याचं सहसा कुणी नसतं.

"माझाय कोण नाय," सगुण म्हणतो. "माझी भयण पलतडीवाड्यार आसा. थंय जावक पयली चलत सात मिनटां लागत. आता वळसो घालून सायकलीन पाऊण तास लागता. तर ह्या तुमच्या दीड तासाचा मी काय करू, ता सांगा."

सात मिनिटं हा काही हवेतला आकडा नव्हे. सगुणने रस्त्यावर एकतीस वर्षं काढली आहेत आणि त्याचं कुठलंही माप हवेतलं नसतं.

डिचोली तालुक्यातल्या धाटवण गावचा हा माणूस सरकारच्या रस्ता खात्यात लागला तेव्हा गोवा अजून राज्य व्हायचं होतं. पुढे गोवा राज्य झालं आणि सगुण मुकादम झाला. या दोन्ही घटना त्याला साधारण सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. डिचोली-दोडामार्ग रस्त्याचा बारा किलोमीटरांचा तुकडा त्याच्या गँगकडे होता आणि तो तुकडा खात्याचा आहे ही गोष्ट त्याने मनापासून कधीच मान्य केली नाही. डोक्याला टॉवेल, हातात खुणा पाडलेली सहा फुटी वेळूची काठी आणि मागे घमेली-फावडी घेतलेली आठ माणसं. मे महिना लागला की ही गँग मोऱ्या साफ करायला निघायची. रस्त्याखालून पाण्याला जायची वाट ती मोरी. त्या बारा किलोमीटरांत एक्केचाळीस मोऱ्या होत्या. खात्याच्या वहीत त्यांना नंबर होते, सगुणकडे त्यांना नावं होती. जिच्यात सखाराम सायकलीसकट पडला ती सखारामाची मोरी. जिच्यात सुशीलाबाईंची म्हैस दोन दिवस अडकून राहिली ती म्हशीची. एका मोरीत खुद्द मुकादम अडकला होता. तिला मात्र तो नंबरानेच ओळखायचा.

"मोरी रांगून बघूची," हे त्याचं तत्त्व. वरच्यावर वाकून, बुटाला चिखल न लावता मोरी बघणाऱ्या इंजिनियरला तो तिथल्या तिथे मनात नापास करायचा. असे बरेच नापास इंजिनियर पुढे मोठ्या हुद्द्यांवर गेले. हे तो न चिडता सांगायचा. तेव्हा तो कशावरच फार चिडत नसे.

वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस सगुण रस्त्याचा माणूस होता. उरलेला एक दिवस तो घोड्यावर असायचा. घोड्यावर म्हणजे घोड्यात. शिगम्याच्या, म्हणजे गोव्याच्या होळीच्या, घोडेमोडणी या नाचात बांबूचा सांगाडा कमरेला बांधतात, पुढे लाकडी घोड्याचं डोकं, खाली पायघोळ रंगीत कापड, स्वाराच्या डोक्याला फेटा, फेट्यावर अबोलीच्या वळ्या, पायांत घुंगरं, हातात तलवार. एकदा ढोलावर टिपरी पडली की खालचा माणूस कुठे संपतो आणि वरचा स्वार कुठे सुरू होतो ते कळत नाही. धाटवणीचा घोडा गावसांच्या घराण्यात. बाप थकल्यावर बावीस वर्षांच्या सगुणने तो कमरेला बांधला आणि त्यानंतर एकाही शिगम्याला सोडला नाही.

घोड्याचे नियम थोडे, पण कडक. देवळासमोर बांधलेला घोडा शिवेच्या धोंड्याला टेकेपर्यंत सोडायचा नाही. वाटेत वाकायचं नाही, बसायचं नाही. स्वार वाकतो तो फक्त शिवेवर. आणि वाटेतल्या प्रत्येक दारात घोडा नाचलाच पाहिजे, कारण ज्या दारात घोडा नाचला ते घर गावातलं. सिंधुदुर्गातून खाणीवर ट्रक चालवायला आलेल्या सखारामाला रेशनकार्ड आधी मिळालं, मतदानाचं कार्ड नंतर मिळालं. पण तो धाटवणीचा झाला ते त्याच्या भाड्याच्या खोलीपुढे घोडा नाचला त्या वर्षी. तेव्हा सखाराम रडला होता. रेशनकार्ड मिळालं तेव्हा रडला नव्हता.

ही वाट देवळापासून निघायची, गाव फिरून व्हाळ, म्हणजे मधला ओढा, ओलांडायची आणि पलतडीवाड्यावर जायची. तिथे सहा घरं. शेवटचं घर सगुणच्या धाकट्या बहिणीचं, कमलाक्षीचं. तिच्या कुंपणामागे शिवेचा धोंडा. ती दारात घोड्याचे पाय धुवायची, ओवाळायची, आणि दरवर्षी न चुकता म्हणायची, "दादा, उशीर केलंस." चाळीस वर्षांत सगुण एकदाही वेळेवर पोचला, असं तिने कबूल केलेलं नाही.

आणि मग या देवळाच्या आणि त्या शिवेच्या बरोबर मधून पणजी-बेळगाव द्रुतगती मार्गाची आखणी झाली.

यात गावाची चूक नव्हती, असं सगुण सांगत नाही. इथेच त्याच्या रागाला एक गाठ आहे. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागली तेव्हा हरकत घ्यायला एकवीस दिवस होते. माणसांना, गुरांना आणि शिगम्याच्या घोड्याला जाईल एवढी उंच भुयारी वाट आम्हाला द्या, एवढंच मागायचं होतं. गावात त्याबद्दल दुमत नव्हतं. दुमत एवढंच झालं, की हे मागायचं ते मराठीत की कोंकणीत?

सगुण मराठीवाला. ढोल वाजवणारा बाबली कोंकणीवाला. राज्य व्हायच्या आधी भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा या दोघांनी दीड वर्ष एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. एका शिगम्याला तर बाबलीने ढोल वाजवायलाच नकार दिला आणि सगुणने त्याच्या नाकावर टिच्चून ढोलाशिवाय घोडा नाचवला. मुका घोडा भर दुपारी दारोदार उड्या मारत हिंडतोय, हे दृश्य ज्यांनी पाहिलं ते अजून हसतात. पुढे दोघांचं जुळलं, मुलांची लग्नं झाली, भाषा विसरली गेली. नोटिशीने तिची पुन्हा आठवण करून दिली.

"मराठीत लिवलेला हाफिसात कळता," सगुण म्हणाला.

"राजभास कोंकणी आसा," बाबली म्हणाला. "कायदो आसा. तुज्या मराठीक कोण इचारता?"

"कायद्यात मराठी पण आसा! वाच मरे!"

"तू वाच! तुका वाचूक येता तर!"

तीन ग्रामसभा झाल्या. घसे बसले. दोघंही ज्या एकाच बोलीत भांडत होते तिला सगुण मराठी म्हणत होता आणि बाबली कोंकणी. शेवटी तडजोड निघाली: म्हापशाच्या एका वकिलाकडून अर्ज इंग्रजीत लिहून घेतला, जो दोघांनाही वाचता येत नव्हता. दोघांनी समाधानाने सह्या केल्या. अर्ज पोचला तेविसाव्या दिवशी. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: मुदतीनंतर मिळालेल्या हरकतीचा विचार करता येत नाही.

ही ओळ सगुणला तोंडपाठ आहे. लाखो टन माती हलवणाऱ्या, डोंगर अर्धा कापून बाजूला ठेवणाऱ्या लोकांना दोन दिवस हलवता आले नाहीत! आणि रस्ता पुरा व्हायला पुढे ठरल्यापेक्षा पावणेतीन वर्षं जास्त लागली, तेव्हा त्यांना मुदतीची आठवण कुणी करून दिली? हे तो मोठ्याने विचारतो. मग बाबलीकडे बघतो, आणि बाबली त्याच्याकडे बघतो.

जानेवारीत उद्घाटन झालं. सहा पदरी, दोन्ही बाजूंना पत्र्याचा कठडा आणि त्याच्या बाहेर माणसापेक्षा उंच जाळी. सरपंच रामचंद्रने मांडव घातला, भाषण केलं, "धाटवण जगाला जोडली गेली" असं म्हणाला. टाळ्या पडल्या. पलतडीवाड्याची सहा घरं त्या टाळ्या जाळीपलीकडून ऐकत होती. त्यांना कार्यक्रमाला यायला गाडीने नऊ किलोमीटरांचा वळसा घालावा लागला असता, आणि गाडी सहा घरांत मिळून एक होती.

मग आला शिगमो.

दुपारी चार वाजता देवळासमोर घोडा बांधला. सगुण तेव्हा चौसष्ट वर्षांचा. गाव नाचून झालं. साडेपाचला मिरवणूक जुन्या पायवाटेने निघाली आणि जाळीला जाऊन टेकली. ढोल, ताशे, कासाळीच्या झांजा सगळं वाजत होतं आणि समोरून ताशी शंभरच्या वेगाने बेळगाव आणि पणजी एकमेकांकडे धावत होती. जाळीवर पाटी होती. पादचारी, दुचाकी, बैलगाडी, जनावरं यांना प्रवेश बंद.

पलीकडे, सहा पदर ओलांडून, कमलाक्षी उभी होती. हिरवं लुगडं, हातात ताट, पायाशी पाण्याची कळशी. बरोबर पाच घरांच्या बायका. एवढ्या जवळ, की ताटातलं निरांजन वाऱ्याने विझलं तेही सगुणला दिसलं.

देखभालीची जीप आली. तिच्यातून योगेश नावाचा तरुण इंजिनियर उतरला. पोरगा वाईट नव्हता. एवढंच, की त्याला शिकवताना शिगमो अभ्यासक्रमात नव्हता.

"काका, इथून जाता येणार नाही. जनावरांना बंदी आहे."

"ह्याका जनावर म्हणतंस?" सगुणने घोड्याची मान हलवली. "ह्या लाकूड आसा, बाबा. आत मी आसंय."

"मग पादचाऱ्यांनाही बंदी आहे."

"पादचारी!" सगुणचा आवाज चढला. "माझ्या बापाशीन आनी मिया मिळान साठ वर्सां ह्या घोड्यार काढली. आमका पादचारी म्हणतंस?"

योगेशने मोबाईलवर नकाशा काढला. "तुमच्या गावासाठी खाली सोय दिली आहे ना. हे बघा, निळा चौकोन. त्यातून जा."

निळा चौकोन बघायला सगळा शिगमो बांध उतरून खाली गेला. तिथे सिमेंटची चौकोनी मोरी होती. जुन्या गँगमधला विठू सगुणची वेळूची काठी सवयीने बरोबर घेऊन आला होता. त्याने ती उभी लावली.

"साडेचार फूट," विठू म्हणाला.

"ही सोय कोणाक?" सगुणने विचारलं. "कोंबयांक?"

योगेशने नकाशा मोठा केला, मग लहान केला. चौकोन निळाच राहिला.

आता सरपंच रामचंद्र पुढे झाला. त्याला सातला डिचोलीत दुसरा कार्यक्रम होता. "मुकादमा, आयक. काळ बदलता. आजपासून शीव हयच धरूया. जाळयेकडे नारळ फोडूया, घोडो टेकवूया, काम जाला. देव कायच म्हणूचो नाय."

दोन-चार माना हलल्या. उन्हं कलली होती, ढोलवाल्यांचे हात भरून आले होते. आणि खरंच, किती सोपं होतं! एक नारळ.

सगुण सरपंचाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शीव हय धरली तर थंयची सा घरां खंय गेली?"

"घरां खंय जातत? थंयच आसत."

"तेंची घरपट्टी तू घेतंस. तेंची मतां घेतंस. मांडव घातलंस तेची वर्गणी पण घेतलंस. आनी घोडो मात्र नको? माझी भयण तिकडे ताट घेवन उबी आसा. काल ती धाटवणीची होती. आज तिणा काय केल्यान म्हणान ती गावाभायर गेली? रस्तो इलो तो तिच्या दारात. ती रस्त्यार गेली नाय!"

एवढ्यात पलीकडून वाऱ्यावर एक आवाज आला. शब्द ऐकू आले नाहीत, पण सगुणला ऐकायची गरज नव्हती. उशीर केल्याबद्दलच असणार.

तो मोरीच्या तोंडापाशी आला. आत अंधार, बांधकामाच्या वेळी दोन फूट साचून राहिलेला गाळ आणि दुसऱ्या टोकाला उजेडाचा छोटा चौकोन. आयुष्यभर अशा भोकांतून तो रांगला होता. पण ते टॉवेल बांधून, फेटा बांधून नव्हे. स्वार वाटेत वाकत नाही. वाकला तर चाळीस वर्षांचा नियम मोडतो, न वाकला तर सहा घरं जातात.

ढोल गळ्यात अडकवलेला बाबली शेजारी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "सगुण, स्वारान वाकूचा न्हय. पण मुकादमान वाकल्यार?"

"म्हणजे?"

"नवी मोरी आसा. कोणी रांगून बघूक नाय. तुजा काम न्हय ता?"

सगुणने त्याच्याकडे पाहिलं. अर्ध्या जन्मात बाबलीचा मुद्दा त्याला पहिल्यांदा पटला होता, आणि कुठल्या भाषेत पटला ते विचारायला वेळ नव्हता.

"विठू, काठी दी," तो म्हणाला. तलवार त्याने विठूकडे दिली. "मुकादम मोरी तपासूक जाता. घोडो माझ्यावांगडा येता. ढोल थांबवू नकात."

आणि चौसष्ट वर्षांचा सगुण गावस कमरेला घोडा बांधलेला तसाच हातांवर आणि गुडघ्यांवर आला आणि मोरीत शिरला. मागून बाबली, ढोल छातीवरून पोटावर, पोटावरून पाठीवर फिरवत, शक्य होईल तेव्हा टिपरी मारत. मागून ताशेवाले. मागून विठू. डोक्यावरून सहा पदरांची गाडीवाहतूक घोंघावत होती आणि त्या कोंदट भोकात ढोलाचा आवाज असा काही घुमत होता, की वरून जाणाऱ्या बेळगावकरांना आपल्याच गाडीत बिघाड झाला असं वाटलं असेल. बांबू सिमेंटला घासत होते. अबोलीच्या वळ्या गाळात पडल्या. मध्यावर काडकन आवाज झाला आणि घोड्याचा उजवा कान सांध्यातून तुटून सगुणच्या हातावर पडला.

तो थांबला. बाबलीला वाटलं, आता हा रडतो. पण सगुण कान मुठीत धरून काठी तळाला लावत होता.

"बाबली, उतार उलटो दिलोहा," तो ओरडला. "पाणी व्हाळात जावचा नाय. पावसात ह्या सगळा कमळीच्या खळ्यात येतला! ह्येंका रस्तो बांधूक कोणी शिकयलो?"

पलीकडे तो बाहेर आला तेव्हा गुडघे फुटले होते, फेटा गळ्यात आला होता आणि घोडा एककानी झाला होता. मोरीच्या तोंडाशी उतरून आलेल्या कमलाक्षीने कळशी उचलली. दरवर्षी ती पायांवर तांब्याभर पाणी घालते. या वेळी तिने हात धुतले, गुडघे धुतले, घोड्याचं नाक धुतलं, आणि कळशी संपली.

"दादा, उशीर केलंस."

"वाटेत रस्तो आडवो इलो गो, बाय."

"वाकान इलंस?"

"मोरी तपासून इलंय," सगुण म्हणाला. "चुकीची बांदलीहा."

सहाही दारांत घोडा नाचला. सखारामाच्या दारात, आता पलतडीवाड्यावर त्याचं स्वतःचं घर होतं, जरा जास्तच नाचला. मग शिवेच्या धोंड्यापुढे स्वार नियमाप्रमाणे वाकला. गुडघा टेकताना तो कळवळला, पण वेळ न लावता उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुण आणि बाबली एका बाकावर बसले आणि अर्ज लिहायला घेतला. एका कागदावर सगुणने मराठीत लिहिलं, दुसऱ्या कागदावर बाबलीने कोंकणीत. दोघांनी दोन्हींवर सह्या केल्या. या सगळ्याला सव्वा तास लागला. एकवीस दिवसांऐवजी सव्वा तास! सगुणने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "आमी दोगय गाढव." बाबलीला हे दोन्ही भाषांत मान्य होतं.

पणजीच्या कचेरीत आवक-जावकच्या खिडकीवर अंकिता नावाची मुलगी होती. तिने दोन्ही अर्ज वाचले. मोरीची उंची साडेचार फूट, उतार उलटा, भुयारी वाट हवी, शिगम्याचा घोडा उभा जाईल एवढी. खाली लिहिलं होतं: सोबत जोडले आहे: घोड्याचा कान, लाकडी, एक.

सगुणने रुमालातून कान काढून खिडकीत ठेवला. रंग उडाला होता आणि कडेला सिमेंटचा ओरखडा होता.

"काका, आम्ही फक्त कागद घेतो."

"अर्जात लिवलाहा, सोबत जोडलाहा. जोडलेला नको तर अर्ज अर्धो जाता. अर्धो अर्ज तुमी घेणा नाय. तुमचोच नियम."

"पण ह्यावर शिक्का कुठे मारू?"

"आतल्या बाजूक. थंय रंग कमी आसा."

मागे रांग लागली होती. अंकिताने इकडे तिकडे पाहिलं, कानाला सुतळीने एक चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर क्रमांक घातला आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, कानाच्या आतल्या बाजूलाही एक शिक्का मारला. पोच देताना तिने तारीख घातली. सगुणने ती स्वतः वाचली, मग बाबलीकडूनही वाचून घेतली.

"मुदतीचो कितवो दीस?" त्याने विचारलं.

"कसली मुदत, काका? आता मुदत नाही."

"मग आजचो पयलो," सगुण म्हणाला. "मोजूक लागा."

त्याला आता वर्ष होत आलं. तीन स्मरणपत्रं गेली, तीही दोन-दोन भाषांत. एक पाहणी झाली. साहेब मोरीच्या तोंडाशी आले, बूट जपत वाकून आत बघून गेले, आणि सगुणने त्यांना तिथल्या तिथे नापास केलं. या वेळी मनात नव्हे, तोंडावर. पावसात कमलाक्षीच्या खळ्यात पाणी आलंच, गुडघाभर. त्याचा फोटो तिसऱ्या स्मरणपत्राला जोडला आहे.

शिगमो जवळ आला तसा विठू फणसाच्या लाकडाचा एक नवा कान कोरून घेऊन आला. सुरेख होता. सगुणने तो हातात घेतला, उन्हात धरून पाहिला आणि परत दिला.

"कान आसा," तो म्हणाला. "पणजीक आसा. नंबर आसा तेका. आमचो घोडो पलतडीक उबो चलत जाय तवसर तो थंयच रवान दी."

आणि तो गुडघ्यांना बांधायला जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे कापायला बसला.